कोरी वाळू

त्या गोल्फच्या मैदानावर बावन्न बंकर होते. बंकर म्हणजे हिरवळीत मुद्दाम खणलेला वाळूचा खड्डा. चेंडू त्यात पडला की खेळणाऱ्याची परीक्षा सुरू होते. परीक्षा खेळणाऱ्याची व्हावी, वाळूची होऊ नये, असे वाळूची व्यवस्था पाहणाऱ्या बाईचे म्हणणे होते. तिच्या हाताखाली चौघीजणी होत्या. सूर्य उगवता उगवता पाचही जणी लांब दांड्यांची दाताळी घेऊन निघत आणि पहिला खेळाडू येईपर्यंत बावन्नच्या बावन्न खड्ड्यांत सारख्या अंतराच्या, एका दिशेने जाणाऱ्या रेघा उमटलेल्या असत. खेळाडूंच्या पिशव्या वाहणारे कॅडी तिला पाठीमागे 'कंगवा' म्हणत. हे तिला ठाऊक होते, आणि मनातून आवडतही होते.

सातव्या होलचा, म्हणजे खेळाच्या सातव्या टप्प्याचा, मोठा बंकर मात्र ती दुसऱ्या कुणाला ओढू देत नसे. तो तळ्याच्या काठाला लागून होता, उतरता होता, आणि तळ्याच्या बाजूने त्याची वाळू सतत खाली सरकत असे. चौदा वर्षे ती त्या वाळूला वळण लावत आली होती.

मैदान माळाच्या कडेला असल्यामुळे तिथे जनावरांची ये-जा असे, आणि त्यांच्याशी जुळवून घेण्याची एक रीत माणसांनी बसवली होती. ध्वजाच्या काठीखालच्या खळग्यात हात घालण्याआधी काठी दोनदा आपटायची. आत साप विसाव्याला असला तर कळतो. गवतात गेलेला चेंडू पायाने नव्हे, काठीने शोधायचा. टिटवीने अंडी घातली की भोवती चार लाल खुंट्या ठोकायच्या आणि चेंडू आत गेला तर बिनदंड दुसरा ठेवायचा. रानडुकरे दिसली की गाडी थांबवायची, हॉर्न वाजवायचा नाही. हे सगळे कार्यालयातल्या फळ्यावर ओळीने लिहिलेले होते. त्या फळ्यावर मगरीचे नाव नव्हते, कारण त्या तळ्यात मगर कुणी कधी पाहिली नव्हती.

त्या बुधवारी सकाळी ती सातव्यावर पोहोचली तेव्हा वाळूत पुन्हा तीच खूण होती. मधून एक रुंद, नागमोडी ओढल्यासारखा पट्टा आणि दोन्ही बाजूंना खड्डे-खड्डे. वरच्या कडेखाली वाळू उकरलेली, ओलसर. गेल्या तीन आठवड्यांत ही सातवी किंवा आठवी वेळ होती. कुणीतरी संध्याकाळी सामानाची पिशवी बंकरमधून ओढत नेतो आणि वर फटके मारून वाळू उधळतो, असे तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकले होते.

"बूट चकचकीत आणि अक्कल घरी," ती पुटपुटली, आणि तिने दाताळे लावले. उकरलेली जागा दाबून सपाट केली, त्यावर रेघा ओढल्या, कड साफ केली. पंचवीस मिनिटांत वाळू कोरी झाली.

काम झाल्यावर ती पाठ ताठ करण्यासाठी वळली, आणि तेव्हा तिचे लक्ष गवताकडे गेले.

गवतावर दव होते. सगळी उतरण पांढुरकी दिसत होती. फक्त बंकरच्या खालच्या कडेपासून तळ्यापर्यंत अडीच-तीन फूट रुंदीचा एक गडद हिरवा पट्टा होता. तिथले दव पुसले गेले होते. पिशवी ओढणारा माणूस तळ्याकडे कशाला जाईल? आणि संध्याकाळच्या माणसाने पहाटेचे दव कसे पुसले असेल?

ती जागच्या जागी थांबली. मग पाण्याकडे तोंड ठेवून, एकेक पाऊल मागे टाकत, उतरण चढून वर आली. वर आल्यावरच तिला घाम फुटला. घाबरण्याहून तिला जास्त लागले ते दुसरेच. आठ वेळा कुणीतरी तिच्यासमोर आपले येणे-जाणे लिहून ठेवले होते, आणि आठही वेळा तिने ते न वाचता पुसून टाकले होते.

आठ वाजेपर्यंत दवही सुकले.

*

तळ्यातले चेंडू काढणारा माणूस तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. दर गुरुवारी सकाळी तो कमरेला शिशाचा पट्टा बांधून, जाळीची पिशवी घेऊन तळाशी उतरत असे. अकरा वर्षे तो हे काम करीत होता. त्याला मैदानावर सगळे 'पाणकावळा' म्हणत, आणि तो ते नाव बिल्ल्यासारखे मिरवी. शनिवारी वर्षाची मोठी स्पर्धा होती. त्याआधी उद्याच तो सातव्याच्या तळ्यात उतरणार होता.

त्याला तिने कॅडींच्या खोलीत गाठले. हीच तिची चूक झाली. तिथे दहा-बारा माणसे चहा घेत होती.

"मगर?" भाऊ म्हणाला. "ताई, अकरा वर्षं उतरतोय मी त्या पाण्यात. माशांनासुद्धा माझं तोंड पाठ झालंय."

"कालव्याकडच्या नळाची जाळी गेल्या पुरात तुटली. बदलली का कुणी?"

"जाळी तुटली म्हणून मगर आली? उद्या दार उघडं राहिलं म्हणून घरात हत्ती येईल."

माणसे हसली. एक म्हातारा कॅडी म्हणाला, "पाणकावळ्या, जपून रे. मगरीला पिसं आवडत नाहीत म्हणतात, पण उपाशी असली तर चालवून घेते."

"तिला सांगा, आधी वेळ ठरवून ये. मी गुरुवारी फार कामात असतो."

पुन्हा हशा झाला. आता याला माघार घेणे जड जाणार, हे तिने ओळखले. लहानपणापासून तो असाच होता. एकट्यात सांगितले तर ऐके. चारचौघांत सांगितले की नाक वर.

"तू पाहिलंस काही?" त्याने विचारले.

"खूण पाहिली."

"कुठंय?"

ती म्हणाली, "मी वाळू ओढली."

"बघा!" तो सगळ्यांकडे वळला. "पुरावा होता, पण कंगव्यानं विंचरून टाकला."

ती उठून मैदानप्रमुखाच्या खोलीत गेली. भिंतीवर अठराही होलचा नकाशा, टेबलावर हरवलेल्या हातमोज्यांची पेटी, खिडकीत वाळत घातलेले ध्वज. त्या पसाऱ्यात बसलेला मैदानप्रमुख सावकाश ऐकणारा माणूस होता. त्याने तिचे बोलणे मधे न तोडता ऐकले.

"बाई, तुमच्या नजरेवर माझा विश्वास आहे," तो म्हणाला. "पण स्पर्धेच्या तोंडावर सातवा बंद करायचा तर समितीला काय दाखवू? सुकलेलं दव?"

"उद्या सकाळी मी सातव्याला दाताळं लावत नाही. आत्ता वाळू कोरी आहे, आणि स्पर्धेच्या तयारीसाठी आज खेळ बंद आहे. रात्रीतून काही आलं तर उमटेल. तुम्ही या, त्यालाही बोलवा. खूण असली तर तळं बंद."

"आणि नसली तर?"

"नसली तर उतरू दे," ती म्हणाली.

ते तिचे शब्द होते. कुणी तिच्या तोंडी घातले नव्हते. मैदानप्रमुखाने मान डोलावली आणि वनविभागाच्या कार्यालयात फोन लावून निरोप ठेवला. तिथली अधिकारी दौऱ्यावर होती. उद्या दुपारपूर्वी येईल, असे कळले.

*

गुरुवारी सूर्य वर येताच तिघे सातव्याच्या उतरणीच्या माथ्यावर उभे राहिले. भाऊ काळा पोहण्याचा पोशाख अर्धा चढवून आला होता. बाह्या कमरेला लोंबत होत्या. शिशाचा पट्टा त्याने खांद्यावर टाकला होता. कॅडींपैकी तिघे-चौघे उगाच त्या बाजूने चालले होते आणि उगाचच थांबले होते.

वाळू कोरी होती.

काल तिने ओढलेली रेघ न् रेघ जशीच्या तशी होती. एकही मोडलेली नव्हती. गवतावर दव अखंड होते.

"काय ताई," भाऊ म्हणाला. आवाजात विजय होता, पण थोडी मायाही होती. "झालं समाधान? अगं, भुंगाही चालून गेला नाही रात्रीतून."

मैदानप्रमुखाने सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता हे त्याने लपवले नाही. "चला. बरं झालं. लवकर आटप रे, नवाला पहिली तुकडी येईल."

भाऊ बाह्या चढवू लागला. ती मात्र वाळूकडे बघत होती. चौदा वर्षे तिने ती वाळू हाताखालून घातली होती. कोणता भाग आधी सुकतो, कोणता उशिरा, कुठे दात खोल जातात, कुठे अडतात, हे तिला डोळे मिटून सांगता आले असते. वरच्या कडेखाली, काल तिने उकरलेली वाळू दाबली होती तिथे, घमेल्याएवढी जागा खाली बसली होती. रेघा मोडल्या नव्हत्या. रेघांसकट जमीन दोन बोटे खचली होती. याचा अर्थ तिथली वाळू वरवर उधळलेली नव्हती. ती खोलवर उपसून पुन्हा भरलेली होती. आणि काल ती ओलसर होती. आठवडाभर पाऊस नाही, फवारा त्या बाजूला पोहोचत नाही. ओल आली ती खालून.

यापूर्वीच्या सात वेळी वाळू नुसती इकडेतिकडे खरवडलेली होती. कुणीतरी जागा शोधत होते. काल शोध संपला. अंडी घातलेली कोंबडी गावभर हिंडत नाही. ती जवळच बसते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या अंगावर धावून जाते.

"थांब," ती म्हणाली. "उतरू नकोस."

"आता काय?"

"तिनं अंडी घातली आहेत. तिथं, कडेखाली. म्हणून ती रात्री आली नाही. ती पाण्यात आहे, अगदी काठाशी."

भावाने मैदानप्रमुखाकडे पाहिले. "साहेब, खूण असली तर मगर, आणि नसली तरी मगर. अशा पैजेत कोण जिंकणार?"

"बाई," मैदानप्रमुख अवघडून म्हणाला, "कालची अट तुमचीच होती."

"माझीच होती. मीच घातली, मीच मोडते. ती अट चुकीची होती." तिचा आवाज चढला नाही. थांबलेल्या कॅडींनाही ऐकू जाईल इतका मात्र तो स्पष्ट होता. "ऐका सगळे. तीन आठवड्यांत आठ वेळा या वाळूत माग उमटला. आठही वेळा मी तो पुसला. कुणाला सांगितलं नाही, कारण मला वाटलं कुणीतरी माझी वाळू खराब करतंय. मला वाळूची काळजी होती. तो माग पहिल्याच दिवशी वाचला असता तर आज हा वादच झाला नसता. चूक माझी आहे. पण ती चूक झाकायला मी याला पाण्यात जाऊ देणार नाही."

कुणी हसले नाही. पण भावाची मान ताठच होती. त्याने पट्टा खांद्यावरून उतरवून गवतावर ठेवला आणि पोशाखाची पाठीमागची चेन ओढण्यासाठी हात मागे नेले. तेवढ्यात ती दोन पावले पुढे आली आणि त्या शिशाच्या पट्ट्यावर मांडी घालून बसली.

"ताई."

"काय?"

"ऊठ."

"उठव."

पट्ट्याशिवाय तो तळाशी जाऊ शकत नव्हता, हे दोघांनाही माहीत होते. तो तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत. तू शाळेत जायचं नाही म्हणून दप्तरावर असाच बसला होतास, आठवतं? सबंध सकाळ. मी तुझ्याहून दुप्पट वजनाची आहे, मी दुपारपर्यंत बसेन."

म्हातारा कॅडी खोकला. हसू दाबल्याचा तो खोकला होता. मैदानप्रमुखाने तोंड फिरवले, खिशातून फोन काढला आणि वनविभागाच्या कार्यालयाला पुन्हा लावला. या वेळी त्याने निरोप ठेवला नाही. अधिकाऱ्याशी बोलल्याशिवाय फोन ठेवणार नाही, असे सांगितले. बोलणे झाल्यावर तो परत आला, तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता.

"मॅडम तासाभरात पोहोचतायत. त्यांनी विचारलं, खचलेली जागा पाण्यापासून किती लांब? मी म्हटलं, पंधरा-सोळा पावलं. त्या म्हणाल्या, सगळ्यांना माथ्यावर थांबवा. वाळूजवळ कुणी जायचं नाही, खणून तर मुळीच बघायचं नाही, आणि दगड मारायचा नाही." तो भावाकडे वळला. "तू कपडे बदल."

भाऊ थोड्या अंतरावर जाऊन गवतात बसला, पाठ तिच्याकडे करून. ती पट्ट्यावरच बसून राहिली. विश्वास नव्हता म्हणून नव्हे, गुडघा आखडला होता म्हणून.

*

वनविभागाची अधिकारी तिशीच्या आतबाहेरची, उन्हाने रापलेली बाई होती. ती घाईने बोलत नव्हती. माथ्यावरूनच तिने दुर्बिणीने आधी वाळू पाहिली, मग काठ, मग लव्हाळ्याची बेटे. बराच वेळ एका ठिकाणी दुर्बीण स्थिर राहिली.

"तुम्ही पाण्यात कुठून उतरता?" तिने भावाला विचारले.

"त्या सपाट दगडावरून."

तिने दुर्बीण त्याच्या हातात दिली. "दगडाच्या डावीकडे, लव्हाळ्याच्या मुळाशी बघा. दोन गाठी दिसतील, मध्ये वीतभर अंतर. हलणार नाहीत. पाणी हललं तरी त्या हलणार नाहीत."

त्याने पाहिले. आधी नुसती काडीकचऱ्यासारखी वस्तू; मग एका गाठीत एक उभी फट उघडली आणि मिटली. दगडापासून ते अंतर फार तर आठ फूट होते. त्याने दुर्बीण खाली केली, पुसली, पुन्हा लावली. मग ती बहिणीकडे दिली.

"एरवी ती माणसापासून लांब राहते," अधिकारी म्हणाली. "पण आता दोन महिने ती घरट्यापासून हलायची नाही, आणि जवळ येणाऱ्याला सोडायचीही नाही. अंडी हलवली तर वाया जातील, तिला हलवलं तर ती चवताळून परत येईल. म्हणून हलायचं आपण."

पुढचा अर्धा तास सगळे भराभर ठरत गेले. घरट्यापासून आणि काठापासून तीस पावलांवर जाळीचे कुंपण. सातव्याची सुरुवात तळ्याच्या अलीकडून न करता पलीकडून. होल लहान होईल, पण खेळता येईल. कुंपणात चेंडू गेला तर तो गेला. बाहेर दुसरा ठेवायचा, दंड नाही. तळ्यातले चेंडू काढणे बंद. नळाची जाळी आता मुळीच बसवायची नाही, पिल्ले घेऊन बाहेर पडायला तिला तोच रस्ता आहे. ती गेल्यावर बसवायची. मैदानप्रमुख लिहून घेत होता. समितीला काय सांगायचे, हा प्रश्न त्याने पुन्हा काढला नाही.

"सातव्यावरची खूण आधी कळली असती तर बरं झालं असतं," अधिकारी म्हणाली. "कुणी पाहिली होती?"

"मी," ती म्हणाली. "पाहिली आणि पुसली."

अधिकारी बाईने तिच्याकडे नीट पाहिले. "आणि खचलेली जागा?"

"तीही मीच पाहिली."

"वाळू एवढी जवळून ओळखणारं माणूस मला आमच्या खात्यात मिळत नाही," अधिकारी म्हणाली, आणि तिने पिशवीतून एक जाड वही काढली. तारीख, वेळ, जागा, काय आढळले, पाहणाऱ्याचे नाव, असे रकाने होते. "यापुढे बावन्नच्या बावन्न बंकर आधी वाचायचे, इथे लिहायचे, आणि मग दाताळं लावायचं. जमेल?"

"जमेल की. अर्धा तास लवकर यावं लागेल, एवढंच," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत कुंपण उभे राहिले. फळ्यावर नवी ओळ आली. चौघी मदतनिसींना तिने सातव्याच्या माथ्यावर नेऊन पुसलेले दव कसे दिसते, उपसलेली वाळू कशी बसते, हे समजावून सांगितले. त्यातल्या एकीने विचारले, "म्हणजे रेघा वाकड्या आल्या तरी चालतील?" "नाही चालणार," ती म्हणाली. "वाचायचं नीट आणि ओढायचंही नीट."

मग ती अवजारांच्या खोलीत वही घेऊन बसली. आठवतील तशा तारखा लावून तिने पुसलेल्या आठ खुणा एकेक करून लिहिल्या. 'काय आढळले' या रकान्यात प्रत्येक ओळीत शेवटी 'नोंद न करता सपाट केली' असे लिहिले आणि पुढे स्वतःचे नाव.

भाऊ दारात येऊन उभा राहिला. त्याने कपडे बदलले होते. आत येऊन तो उलट्या घमेल्यावर बसला आणि वहीतल्या आठ ओळी वरपासून खालपर्यंत वाचून काढल्या.

"सगळं लिहिलंस."

"सगळं."

तो बराच वेळ हातातल्या दोरीची गाठ सोडत आणि बांधत राहिला.

"गेल्या गुरुवारी," तो म्हणाला, "तळाशी गढूळ होतं. चेंडू चाचपत होतो. हाताला ओंडका लागला. आदल्या आठवड्यात तिथं ओंडका नव्हता. मी त्याच्यावरून हात फिरवत पुढे गेलो. गार होता, पण लाकडासारखा गार नव्हता. वर आल्यावर स्वतःला सांगितलं, ओंडकाच. कुणाला बोललो नाही. काल तू आलीस ना चहाच्या वेळी, तेव्हा पहिल्यांदा तेच आठवलं. म्हणून जास्तच हसलो."

तिच्या हातातले पेन थांबले. तिच्या डोळ्यांसमोर तो हात आला, गढूळ पाण्यात, सावकाश पुढे सरकणारा. रागवायचे होते, पण समोर उघडी वही होती, आणि तिच्यातल्या आठ ओळी तिच्याच अक्षरातल्या होत्या.

"कुठल्या बाजूला?"

"लव्हाळ्याच्या. दगडापासून डावीकडे."

"लांबी?"

त्याने दोन्ही हात पसरले. पुरले नाहीत. तो उभा राहिला. तीही उठली, त्याच्या शेजारी उभी राहिली आणि तिने आपले हात पसरले; तिची बोटे त्याच्या बोटांना टेकली.

"एवढी?"

त्याने मान वळवून दोघांच्या हातांवरून नजर फिरवली. "थोडी कमी. तुझ्या कोपरापर्यंत."

तिने वही त्याच्याकडे फिरवली आणि पेन पुढे केले. तो रकाने वाचू लागला.

"'पाहणाऱ्याचे नाव' असं लिहिलंय," तो म्हणाला. "मी पाहिली नाही, ताई. मी हात लावला."

"मग तसंच लिही."

तो घमेल्यावर बसला आणि लिहू लागला.